मधुमेह व शेतकऱ्याचा नित्यनेम

पूर्वी बाजारच्या दिवशी चार शेतकरी एकत्र जमले म्हणजे पाऊसपाणी, धान्याचे भाव आणि कारखान्याने दिलेली उसाची उचल यांवर बोलणे होत असे. हल्ली त्यात आणखी एका विषयाची भर पडली आहे. कोणाची साखर किती निघाली, कोणास कोणती गोळी चालू आहे, कोणत्या गावी कोण झाडपाल्याचे औषध देतो, हे बोलणे परंडा-भूमपासून उमरग्यापर्यंत सर्वत्र ऐकू येते. या बोलण्यात माहितीचा तोटा फारसा नसतो. ज्यास रोग समजला, औषध मिळाले व पथ्यही ठाऊक झाले, तोच मनुष्य सहा महिन्यांनी सर्व सोडून बसलेला आढळतो, ही खरी अडचण आहे. सबब मधुमेह जडल्यावर वर्षानुवर्षे सावध कसे राहावे व उमेद कशी टिकवावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करण्याचे योजिले आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला आणि गेली बारा वर्षे हा विकार स्वतः बाळगून असलेला तो एक साधा गृहस्थ आहे. यास्तव कोणते औषध घ्यावे हे सांगणे त्याचे काम नाही. रोजच्या वागणुकीविषयी मात्र चार शब्द सांगण्याचा त्यास अधिकार आहे असे वाचकांनी मानावे.

हा रोग थोडक्या लोकांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सर्व राज्यांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरांत प्रौढांपैकी शेकडा १६.४ तर ग्रामीण भागात शेकडा ८.९ असे प्रमाण त्या पाहणीत आढळले. म्हणजे खेड्यातील दर अकरा-बारा प्रौढ माणसांत एकास हा रोग आहे. आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते व तेथून शरीराच्या पेशींस मिळते. पेशींचे दार उघडून देणारे इन्सुलिन नावाचे द्रव्य स्वादुपिंडात तयार होते. ते कमी पडले, अथवा पेशी त्यास दाद देईनाशा झाल्या, म्हणजे साखर रक्तातच साचून राहते. चारीचे दार बंद झाल्यावर पाणी वाफ्यात न शिरता पाटातच तुंबावे, तसाच हा प्रकार होय. पाट भरलेला आणि पीक मात्र तहानलेले, अशी शरीराची अवस्था होते.

येथे पुष्कळ शेतकरी अशी शंका घेतात, की हा सुखवस्तू व लठ्ठ माणसांचा रोग असून आम्ही अंगाने सडपातळ व कष्टाळू आहोत. तेव्हा आमच्या वाटेस तो कसा येईल? या शंकेचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळालेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळील खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास चालविला. तेथील नवजात मुलांचे वजन सरासरी पावणेतीन किलोहूनही थोडे कमी, तर इंग्लंडातील मुलांचे साडेतीन किलोच्या आसपास होते. तथापि आपल्या मुलांत मांस कमी असले, तरी त्या मानाने चरबी कमी नव्हती. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःची व आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन एकसारखेच भरले होते. परंतु शरीरातील चरबी इंग्रज गृहस्थांत शेकडा ९.१ तर आपल्या मराठी डॉक्टरांत शेकडा २१.२ निघाली. यावरून वरून बारीक दिसणारा मनुष्य आतून तसाच असतो असे नाही, हे उघड आहे.

आमच्या जिल्ह्यास तर या गोष्टीचा विशेष विचार करावयास पाहिजे. युरोपात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडवर उपासमारीचा प्रसंग आला. त्या वेळी जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्या शरीराची साखर पचविण्याची शक्ती पुढे प्रौढपणी कमी भरली, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी व मिलो खाऊन ज्या माउल्यांनी दिवस काढले, त्यांच्या पोटची त्या सालातील मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी अमक्याचा रोग दुष्काळामुळेच झाला असे म्हणता येणार नाही. परंतु अशा पिढीने साखर तपासून घेण्यास इतरांहून अधिक तत्पर असावे, हे म्हणणे रास्त आहे.

कष्टाची गोष्ट निराळी. सुश्रुताच्या ग्रंथात या विकाराचे वर्णन असून कृश व स्थूल असे दोन प्रकारचे रोगीही त्याने सांगितले आहेत. त्याच्या चिकित्सेत मोठा मार्मिक भाग असा आहे, की निर्धन रोग्याने मुनीप्रमाणे मन आवरून शंभर योजने पायी चालावे, कोणी गाईंच्या मागे हिंडावे, कोणी सतत नांगरट करावी, कोणी विहीर खणावी. मात्र कृश रोग्यास जपावे. नांगरट हे ज्या रोगाचे औषध म्हणून शास्त्रकाराने सांगितले, तो रोग नांगरणाऱ्याच्याच घरी कसा आला? याचे उत्तर असे, की नांगर आता ट्रॅक्टरला लागला, मोट जाऊन वीजपंप आला, शेतावर जाण्यास मोटारसायकल आली, आणि जमीनधारक शेतकरी बांधावर उभा राहून मजुरांस काम सांगू लागला. या सुधारणा वाईट आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु वडिलांच्या कष्टाएवढी भूक आपण ठेवली व कष्ट मात्र यंत्रावर टाकले, याचा हिशेब शरीर मांडल्यावाचून राहत नाही.

हा हिशेब किती महाग पडतो हे कचेरीत बसणाऱ्यास चांगले कळते. जमिनीच्या खरेदीखतावर ती का विकली याचे खरे कारण बहुधा लिहिलेले नसते. पण फेरफारासाठी ओसरीवर बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोलले म्हणजे ते कळून येते. पूर्वी मुलीचे लग्न व विहिरीचे कर्ज ही कारणे ऐकू येत. पुढे पुढे मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा रक्त शुद्ध करून घ्यावे लागते, पाय कापावा लागला, दृष्टी गेली, अशी कारणे येऊ लागली. शासकीय योजनांतून या उपचारांस मदत मिळते हे खरे. परंतु जाण्यायेण्याचा खर्च, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि पडीक राहिलेले रान यांची भरपाई कोण करणार? तेव्हा मधुमेहाचे पथ्य हे शरीराबरोबर वडिलोपार्जित जमिनीचेही रक्षण आहे, असे समजावे.

एवढे कळत असून माणसे पथ्य का सोडतात? पहिले कारण हे की रोग मुका आहे. विंचू चावला तर मनुष्य धावत सुटतो; वाढलेली साखर पुष्कळ वर्षे दुखत नाही. दुसरे कारण असे की आरंभीचा उत्साह अतिरेकी असतो. रोग कळल्याच्या आठवड्यात गृहस्थ भात, चहा, गूळ, फळे, सर्व एकदम वर्ज्य करतो, पहाटे दोन कोस चालतो, कडू कारल्याचा रस पितो. आणि असे हे व्रत पहिल्या लग्नसराईत मोडते. तिसरे कारण मनाचा शीण. रोज गोळी, रोज मोजमाप, रोज नको म्हणणे, आणि सुटी कधीच नाही. यामुळे मन विटते. यास केवळ आळस म्हणून हिणवू नये. अमेरिकेतील डॉ. विल्यम पोलन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही माणसाच्या या मानसिक ओझ्याचे माप घेण्यासाठी १९९५ साली एक प्रश्नावलीच सिद्ध केली, आणि हा शीण रोगाचाच एक भाग असल्याचे आता वैद्यक मानते. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर 'मला कंटाळा आला आहे' हे वाक्यही तापाप्रमाणे स्पष्ट सांगावे. त्यात लाज नाही.

या तिन्ही कारणांवर एकच उपाय लागू पडतो असे या लेखकाचे मत आहे. उत्साहावर विसंबू नये; नेम लहान धरावा व त्याची नोंद ठेवावी. वारकरी पंढरीची वाट चालतो ती उत्साहाच्या भरात नव्हे. उत्साह असो वा नसो, तिथी आली की तो निघतो. मधुमेहात नेमके हेच पाहिजे.

नोंदीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो या लेखकाचा धंदाच होता. दर महसूल मंडळात पर्जन्यमापक असतो. एका दिवसात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी म्हणून त्याची नोंद होते. पण त्या एका आकड्यावरून हंगाम कसा गेला हे सांगता येत नाही. ते पैसेवारीवरून कळते. बोटातून थेंब काढून घरी केलेली तपासणी ही त्या दिवसाच्या पावसासारखी होय. आणि मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीए१सी' नावाची तपासणी ही पैसेवारीसारखी होय. पैसेवारी पन्नासच्या खाली आली म्हणजे जशी टंचाई मानतात, तसा येथे बहुतेक प्रौढ रोग्यांस ७ हा अंक मर्यादा म्हणून डॉक्टर सांगतात. फरक इतकाच की येथे अंक मर्यादेच्या वर गेला म्हणजे चिंता. फार वृद्ध माणसास ही मर्यादा थोडी सैल ठेवतात. ती ज्याची त्याने डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. एखाद्या सकाळी आकडा वाढलेला दिसला म्हणून हाय खाऊ नये, आणि एखाद्या सकाळी चांगला आला म्हणून जिलबीवर ताव मारू नये. एक साधी वही करावी. तीत तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, चालणे आणि शेरा, असे पाच रकाने आखावेत. शेऱ्याच्या रकान्यात 'लग्नास गेलो', 'रात्री पाणी दिले, झोप नाही', 'गोळी राहिली' असे खरे ते लिहावे. खोटी पीकपाहणी लिहिली तर नुकसान शेतकऱ्याचे होते. खोटी वही लिहिली तर नुकसान लिहिणाऱ्याचेच. तीन-चार महिने वही भरली म्हणजे आपली साखर कशाने चढते हे दुसऱ्यास विचारण्याची गरज राहत नाही. सावधपणा म्हणतात तो याहून निराळा नाही.

आहाराचा नेमही असाच लहान व टिकाऊ असावा. आमची मालदांडी ज्वारी पांढऱ्या तांदळापेक्षा चांगली, यात संशय नाही. परंतु ज्वारीने साखर वाढतच नाही असे समजून तीन-तीन भाकरी खाणे ही भूल आहे. भाकरी एक कमी करून तिच्या जागी मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठले व पालेभाजी वाढवावी. आपल्या रानात तूर व हरभरा पिकतो, तो सगळा बाजारात जातो आणि घरात बटाट्याच्या रश्श्यावर जेवण होते, ही रीत बदलण्याजोगी आहे. साखर सोडून गूळ घेतला म्हणजे पथ्य झाले असेही पुष्कळ लोक मानतात. ऊस पिकविणाऱ्याने तरी असे मानू नये, कारण दोहोंचा उगम एकाच कांडीत आहे. चहाचा प्रश्न आपल्याकडे मानाचा होऊन बसला आहे. 'तात्या, अर्धा कप तरी घ्याच' असे पाच घरी झाले म्हणजे अडीच कप गोड चहा पोटात जातो. बिनसाखरेचा चहा मागणे हा यजमानाचा अपमान नव्हे, हे आपण दोन-चार वडीलधाऱ्यांनी रूढ केले पाहिजे.

शेतकऱ्यास तीन गोष्टींत विशेष जपावयाचे आहे. पहिली, पाय. या रोगाने तळव्याची संवेदना जाते. मग बाभळीचा काटा मोडला तरी समजत नाही व जखम चिघळते. सुश्रुताने निर्धनास अनवाणी चालावयास सांगितले असले तरी आज हा सल्ला मधुमेह्याने पाळू नये. रानात पायताणावाचून पाऊल टाकू नये. तुळजापूरची पायी वारी करावयाची तर डॉक्टरांस विचारून व पायांत नीट पायताण घालूनच करावी. रोज संध्याकाळी पाय धुऊन, पुसून तळवे पाहावेत. स्वतःस दिसत नसतील तर नातवास पाहावयास सांगावे. दुसरी गोष्ट, साखर एकाएकी उतरणे. गोळी वा इन्सुलिन घेऊन न जेवता रानात राबले, अथवा नवरात्राचा उपवास धरला, तर घाम सुटतो, हात कापतात, भोवळ येते. साखर ७० च्या खाली गेली असता तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि मग जेवावे. यासाठी खिशात साखरेची पुडी असावी. तिसरी गोष्ट, इन्सुलिन. हे घेणे म्हणजे शेवटची पायरी असा समज खोटा आहे. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम दिले गेले व तो वाचला. तत्पूर्वी अशा मुलांस उपाशी ठेवण्यापलीकडे वैद्यांजवळ विशेष काही नव्हते. शोध लावणाऱ्या मंडळींनी त्याचे हक्क विद्यापीठास नाममात्र एक डॉलरला दिले. असे हे औषध आमच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असता, घरात उघडे ठेवले तर निकामी होते. शीतपेटी नसेल वा वीज जात असेल, तर पाणी न शिरेल अशा डबीत घालून ते ओल्या माठाच्या गारव्यास ठेवावे.

आता पंथांविषयी. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर नेली. थोडे थोडे अनेकदा खावे असे सांगणारे दुसरे आहारज्ञही आहेत. त्यांचा वाद आपण मिटविण्याचे कारण नाही. मात्र जी पद्धत धरावी ती डॉक्टरांस सांगून धरावी, औषधात बदल त्यांनीच करावा, आणि ती पाच वर्षे पाळता येईल काय हे आधी मनाशी विचारावे. औषध बंद करून झाडपाल्याने रोग समूळ घालवितो असे म्हणणाऱ्याच्या नादी मात्र मुळीच लागू नये.

इतके करूनही नेम मोडेल. लग्न, हुरड्याचे दिवस, आजारपण, दुष्काळाची काळजी, यांत तो मोडणारच. अशा वेळी 'आता गेलेच, तर जाऊ द्या' हा विचार साखरेहून घातक होय. मृगात पेरले, पावसाने ताण दिला, बी जळाले, म्हणजे शेतकरी रान विकीत नाही. तो दुबार पेरणी करतो. आणि केलेले पथ्य वायाही जात नाही. इंग्लंडात १९७७ साली सुरू झालेल्या व पाच हजारांहून अधिक रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, साखर काळजीने आटोक्यात ठेवलेल्यांस डोळ्यांचे व मूत्रपिंडांचे विकार चतुर्थांशाने कमी झाले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही आरंभी सावध राहिलेल्यांस पुढे दहा वर्षे लाभ होत राहिला, असे २००८ साली आढळले. ताग गाडलेल्या रानाचा कस जसा पुढील पिकांस मिळतो, तसेच हे आहे.

घरच्या मंडळींनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोग्याच्या ताटावर पहारा ठेवून दर घासास 'हे खाऊ नका' म्हटल्याने तो चोरून खाऊ लागतो. त्यापेक्षा सर्व घरानेच तसे जेवावे. ते निरोग्यासही हितकर आहे. आणि घरातील स्त्रीची साखर कोण तपासतो? सर्वांचे पथ्य सांभाळून शेवटी उरलेल्या भातावर जेवणारी तीच असते, आणि तिची तपासणी 'पुढच्या बाजारी' राहून जाते. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. तेथे जाताना शेतकऱ्याने एकट्याने जाऊ नये. कारभारणीसही बरोबर न्यावे.

शेवटी आपल्या संघास एक सूचना करावीशी वाटते. इन्सुलिनच्या शोधकांपैकी डॉ. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा मधुमेह दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास खरीप घरात आलेले असते व रब्बीची पेरणी उरकत आलेली असते. प्रत्येक गावच्या सभासदांनी त्या आठवड्यात एकत्र जाऊन साखर, रक्तदाब, डोळे, पाय व लघवी यांची वार्षिक तपासणी करून घ्यावी, आणि संघाच्या सभेत दिला जाणारा चहा त्या दिवसापासून बिनसाखरेचा करून साखर वेगळी ठेवावी. खर्च काहीच नाही. एकट्याचा नेम मोडण्यास निमित्त पुरते. चारचौघांत धरलेला नेम सहसा मोडत नाही, हा आपल्या गावगाड्याचा जुना अनुभव आहे.